टाकलेल्या वस्तूंतून शिल्पं आणि कापडाची कला: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

1942 साली पिकासोने जुन्या सायकलचं सीट आणि हँडल एकमेकांना जोडलं आणि बैलाचं डोकं तयार झालं. वस्तू दोनच, जोड एकच. आधी बैल करायचं ठरवलं आणि मग सामान शोधलं असं झालं नव्हतं. भंगारात सीट आणि हँडल शेजारी दिसलं आणि तिथेच बैल सुचला, असं त्याने पुढे सांगितलं. या कामात नव्याने उतरणाऱ्याने एवढं नीट लक्षात घेतलं तरी अर्धा रस्ता सरतो. आधी वस्तू हातात घ्यायची, तिला उलटीसुलटी करून बघायची, कल्पना तिच्या आकारातून येऊ द्यायची.

बहुतेक जण उलट करतात. घरात सापडेल ते सगळं एका पुठ्ठ्यावर चिकटवतात आणि शेवटी वरून सोनेरी रंग मारतात. त्यातून ना वस्तू दिसते ना आकार. माझं ठाम मत असं, की चांगल्या कामात साहित्याचे प्रकार कमी असतात, नग भरपूर असतात आणि जोड विचार करून घातलेले असतात. पुढचं सगळं याच तीन गोष्टींबद्दल आहे.

गोळा काय करायचं

पन्नास वेगवेगळ्या वस्तूंपेक्षा एकाच जातीची दोनशे झाकणं कितीतरी जास्त उपयोगी. एकच आकार पुन्हा पुन्हा आला की पोत तयार होतो, लय येते. नेकचंद यांनी उभारलेलं चंदीगडचं रॉक गार्डन 1976 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीचे तुकडे लावलेल्या तिथल्या मूर्ती एकेकट्या साध्याच आहेत. पण त्या रांगांनी उभ्या दिसतात तेव्हा नजर हलत नाही.

पहिल्या कामासाठी तीनच प्रकार निवडा. एक अंग भरायला (वर्तमानपत्रं, बाटल्या), एक वरच्या कातडीला (जुनी जीन्स, पुठ्ठा, पेयांची खोकी) आणि एक नजर खेचणाऱ्या बारकाव्यांना (बटणं, चेन, चमचे, कंगव्याचे दाते). बाकीचं पुढच्या कामासाठी ठेवून द्या.

आणलेली वस्तू त्याच दिवशी धुवून ठेवायची. लेबल निघत नसेल तर कोमट पाण्यात भिजवा. मागे राहिलेल्या चिकटावर खायचा सोडा आणि तेल सारख्या भागात कालवून लावा आणि अर्ध्या तासाने चोळून काढा. नंतर साबणाने धुवा, कारण तेलाचा अंश राहिला तर पुढे कुठलाच गोंद धरणार नाही. कागद आणि कापड पूर्ण कोरडं झाल्याशिवाय डब्यात भरू नका, बुरशी येते. आणि सामान लावताना ते कुठून आलं यापेक्षा रंग आणि जात बघून लावा. निळी झाकणं, निळ्या चिंध्या, निळ्या वायरी एका जागी आल्या की तिथेच काहीतरी सुचायला लागतं.

काही गोष्टींना हात लावायचा नाही. बॅटऱ्या, फुटक्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे (त्यांत पारा असतो), जुने सिमेंटचे पत्रे (त्यांत ॲसबेस्टस असू शकतं), पोपडे सुटणारं जुनं रंगवलेलं लाकूड (त्या रंगात शिसं असू शकतं), औषधांची आणि कीटकनाशकांची भांडी. ही धुवूनही कामाची होत नाहीत.

साहित्याचा स्वभाव ओळखा

वर्तमानपत्र वरून खाली फाडून बघा, मग आडवं फाडून बघा. एका दिशेने सरळ लांब पट्टी निघते, दुसऱ्या दिशेने वेडीवाकडी फाटते. सरळ निघते तो कागदाचा धागा. पुठ्ठ्याच्या आत नागमोडी घड्या असतात; त्यांना समांतर वाकवला तर तो सहज वळतो, आडवा वाकवला तर मोडतो. गोल अंगाला पुठ्ठा गुंडाळायचा असेल तर आधी या घड्या कुठल्या दिशेने जातात ते बघूनच कापा.

प्लास्टिकच्या तळाला त्रिकोणात आकडा असतो. 1 म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं पीईटी. ते पारदर्शक असतं, कात्रीने कापता येतं, उष्णतेने आकसून वळतं. 2 आणि 5 म्हणजे डबे आणि झाकणं. ही चिवट असतात आणि गोंदाला दाद देत नाहीत. 3 म्हणजे पीव्हीसी. ते कधीही तापवू नका, त्यातून घशाला आणि फुफ्फुसांना इजा करणारा आम्लाचा धूर निघतो. 6 म्हणजे पॉलिस्टायरिन. थर्मोकोल त्याचंच. त्यावर स्प्रेचा रंग मारला तर बहुतेक वेळा रंगातल्या द्रावकाने तो विरघळून खड्डे पडतात, म्हणून थर्मोकोलला पाण्यात कालवायचाच रंग लावा.

कापडात दोन जाती पक्क्या लक्षात ठेवा. टी-शर्टचं होजियरी कापड स्वेटरसारखं विणलेलं असतं. ते ताणलं जातं आणि कापल्यावर उसवत नाही. शर्टाचं, चादरीचं, जीन्सचं कापड मागावरचं असतं. ते ताणलं जात नाही आणि कडेने दशा सुटतात. सुती की पॉलिएस्टर हे कळत नसेल तर एक धागा चिमट्यात धरून, खाली पाणी ठेवून, जाळून बघा. सुतीला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. हे कळलं की इस्त्री किती गरम करायची आणि कुठला रंग धरेल याचा अंदाज येतो.

जोड: खरी मेहनत इथे आहे

टाकाऊ वस्तूंची कामं मोडतात ती बहुतेक जोडावरच. म्हणून एकच गोंद सगळीकडे वापरायची सवय पहिल्यापासून लावून घेऊ नका.

फेविकॉलसारखा पांढरा गोंद कागद, पुठ्ठा, लाकूड आणि सुती कापडासाठी. हा गोंद पाणी सुटून वाळतो, त्यामुळे दोनपैकी निदान एक पृष्ठभाग पाणी शोषणारा हवा. काच आणि पत्रा यांच्यामध्ये तो दिवसेंदिवस ओलाच राहतो.

वितळलेला गरम गोंद सोडणारी ग्लू गन झटपट काम करते आणि म्हणूनच नवखे तिच्यावर फार विसंबतात. पुठ्ठ्याला, जाड कापडाला ती ठीक आहे. पत्रा किंवा काच गार असल्याने गोंद लागल्या लागल्या थिजतो, धरत नाही, आणि महिन्याभरात सालीसारखा निघून येतो. शिवाय कडक उन्हात ठेवलेल्या कामातला हा गोंद मऊ पडतो. मी ग्लू गन वस्तू तात्पुरती जागेवर धरायला वापरते. पक्का जोड दुसराच घालते.

पत्रा, काच, चिनी माती यांना दोन नळ्यांतला, एकत्र कालवून लावायचा इपॉक्सी गोंद. लावण्याआधी दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडा आणि पुसून घ्या. चकचकीत पृष्ठभागावर इपॉक्सीसुद्धा हरतो.

झटपट चिकटणारा सुपरग्लू सुती कापडावर किंवा कापसावर कधीही ओतू नका. सुतीशी त्याची क्रिया होऊन इतकी उष्णता निघते की बोट भाजतं. सुती हातमोजे घालूनही तो हाताळायचा नाही.

आणि झाकणं, डबे, पिशव्या? त्यांना गोंद नकोच. भोक पाडा आणि तारेने किंवा दोऱ्याने बांधा. झाकण लाकडाच्या तुकड्यावर उलटं ठेवून टोच्याने किंवा हँड ड्रिलने भोक पाडायचं. तापवलेल्या खिळ्याने पाडू नका, धूर नाकात जातो. तार ओवून मागच्या बाजूला पकडीने दोन-तीन पीळ द्यायचे, टोक कापून आत दाबायचं. हा जोड वर्षानुवर्षं टिकतो, सैल झाला तर पुन्हा पिळता येतो आणि दिसायलाही सुंदर दिसतो. जोड लपवायची घाई नको. तांब्याच्या तारेचा पीळ किंवा लाल दोऱ्याचा काजटाका उघडा राहिला तर काम कसं उभं राहिलं ते बघणाऱ्याला कळतं.

पहिलं शिल्प: जगात नसलेला प्राणी

घोडा किंवा हत्ती करायला गेलात तर सगळं लक्ष तो तसा दिसतोय का याकडे जातं. म्हणून सुरुवात अशा प्राण्याने करा, जो कुणीच पाहिलेला नाही.

1. मांडणी. पांढरी चादर जमिनीवर अंथरून निवडलेलं सामान पसरा. प्रत्येक वस्तू उलटी करा, आडवी करा, डोळे बारीक करून बघा. चमचा उलटा केला की पाठ दिसते, चेनचे दाते कणा होतात, टूथब्रशचं डोकं भुवई होतं. सामान हलवत राहा आणि प्रत्येक मांडणीचा फोटो काढा. चांगली मांडणी हरवते तेव्हा हेच फोटो कामाला येतात.

2. सांगाडा. एक लिटरची बाटली घ्या, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वाळू भरा, झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळा. वजन खाली असलं की शिल्प कलंडत नाही. मान आणि पाय दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारेचे. तार दुहेरी करून पिळा, बाटलीभोवती दोन वेढे देऊन मगच वर काढा. नुसती चिकटपट्टीने लावलेली तार पुढच्या वजनाने फिरते.

3. भर. वर्तमानपत्राचे बोळे करून मांसल भागांवर बसवा आणि कागदी चिकटपट्टीने किंवा दोऱ्याने आवळा. अंगठ्याने दाबून बघा. दबत असेल तर अजून आवळा, कारण पोकळ भरावर लावलेला कागद वाळताना सुरकुततो.

4. कागदाचे थर. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. तीन वाट्या पाणी उकळून त्यात हे ओता आणि दोन-तीन मिनिटं, काचेसारखी झाक येईपर्यंत, ढवळत राहा. बुरशी लवकर येऊ नये म्हणून चमचाभर मीठ घाला आणि गार होऊ द्या. कागद कापू नका, फाडा. फाटलेली कड पातळ असते, ती शेजारच्या पट्टीत मिसळून जाते. कापलेल्या कडेची रेघ शेवटपर्यंत दिसते. पट्टी दोन-तीन सेंटिमीटर रुंद पुरे. ती खळीत बुडवायची, दोन बोटांतून ओढून जादा खळ काढायची, मग लावायची. पहिला थर उभा, दुसरा आडवा, असे चार थर. एक थर साध्या छपाईचा आणि पुढचा रंगीत पानांचा घेतला तर कुठे लावायचं राहिलं ते लगेच दिसतं.

प्रत्येक थर पूर्ण वाळायला हवा. शिल्प गालाला लावून बघा. गार लागलं तर आत ओल आहे. इथे घाई केली की आठवड्याभराने आतून कुबट वास यायला लागतो, मग इलाज नाही. हे काम सगळ्यांत कंटाळवाणं आहे, पण शिल्पाची ताकद यातूनच येते.

5. कातडी. जीन्सचे किंवा पेयांच्या खोक्यांचे नखाएवढे, मग अंगठ्याएवढे खवले कापा. शेपटीकडून सुरुवात करून डोक्याकडे या. वरची रांग खालच्या रांगेची गोंदाची जागा झाकते आणि खवले नैसर्गिक पडतात. डोक्याकडून सुरू केलं तर सगळ्या कडा उलट्या उठतात. शेपटीला मोठे खवले, मानेला लहान.

6. डोळे सगळ्यांत शेवटी. ते एकदम चिकटवू नका. मळलेल्या मेणाने किंवा मातीच्या गोळ्याने तात्पुरते लावा आणि दोन पावलं मागे जा. डोळा अर्धा सेंटिमीटर वर सरकला तर प्राणी दचकलेला दिसतो, खाली आला तर पेंगुळलेला. पापणी म्हणून बटणाचा वरचा भाग झाकणारी कापडाची एक चकती लावून बघा. आतापर्यंत वस्तू असलेलं ते काम या टप्प्यावर एकदम तुमच्याकडे बघायला लागतं.

7. सावली. खोली अंधारी करून एका बाजूने टॉर्च धरा आणि भिंतीवरची सावली बघा. सावलीत आकार कळला नाही तर बारकावे कितीही चांगले असले तरी शिल्प गोंधळलेलं आहे. काहीतरी काढून टाका. बहुतेक वेळा काढल्यानेच सुटतं.

कापडाची कला: टी-शर्टच्या दोरीपासून

एका टी-शर्टपासून एक अखंड दोरी निघते. ही युक्ती शिकायलाच हवी.

टी-शर्ट सपाट पसरा. खालची दुमडपट्टी कापून टाका आणि काखेखाली आडवं सरळ कापा. हातात कापडाची नळी उरेल. तिची एक बंद बाजू दुसऱ्या बंद बाजूकडे आणून घडी करा, पण वरची कड खालच्या कडेपासून तीन सेंटिमीटर आत राहू द्या. आता घडीच्या बाजूने अडीच सेंटिमीटर अंतरावर कापत जा. कात्री वरच्या कडेच्या पलीकडे गेली पाहिजे, पण खालच्या त्या तीन सेंटिमीटरच्या पट्टीत शिरायची नाही. उघडल्यावर एका बाजूला न कापलेली पट्टी आणि तिला लटकलेली वेटोळी दिसतील. ती पट्टी हातावर पसरून घ्या. पहिली चीर कडेपासून तिरकी. पुढे या बाजूच्या चिरेपासून समोरच्या बाजूच्या पुढच्या चिरेपर्यंत तिरकं कापत जा. समोरासमोर कापलं तर सुटी वेटोळी होतात, तिरकं कापलं तर अखंड दोरी. शेवटी हातभर हातभर धरून ओढा. कडा आपोआप आत वळतात आणि गुबगुबीत दोरा तयार होतो. हे होजियरीचंच होतं. मागावरच्या कापडाच्या पट्ट्यांच्या कडा वळत नाहीत, दशा सुटतात. तो पोत हवा असेल तर मुद्दाम वापरा. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या अशाच पट्ट्या करून विणता येतात.

आता माग. 30 बाय 40 सेंटिमीटरचा जाड पुठ्ठा घ्या, आतल्या घड्या उभ्या ठेवा, नाहीतर दोऱ्याच्या ताणाने पुठ्ठा वाकतो. वरच्या आणि खालच्या कडेला एक-एक सेंटिमीटरवर खाचा पाडा. मजबूत सुती दोरा खाचांतून वर-खाली घेऊन ताणा, म्हणजे उभे दोरे, लावा, टोकं मागे चिकटवा. बाणा, म्हणजे आडवा दोरा, ओवायला पुठ्ठ्याची चपटी सुई चालते. पहिल्या चार-पाच ओळी बारीक दोऱ्याच्या, म्हणजे पाया घट्ट बसतो.

नवख्यांचं विणकाम वर जाता जाता अरुंद होत जातं, कारण बाणा सरळ ओढला जातो. उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळ आधी कमानीसारखी ढिली टाका, मग जुन्या कंगव्याने खाली ठोका. दर पाच सेंटिमीटरला रुंदी मोजा. वर सहा-सात सेंटिमीटर ताणा मोकळा सोडून थांबा, मग दोऱ्यांच्या जोड्या कापून घट्ट गाठी मारा.

एवढं जमलं की सपाट विणकामात अडकून राहू नका. मध्येच चेन ओवा, शर्टाची कॉलर अर्धी विणून अर्धी बाहेर लोंबू द्या, एखादा खिसा जसाच्या तसा टाचा. शिवताना धावदोरा, बखिया आणि काजटाका एवढे तीन टाके पुरतात. जीन्सच्या जाड शिवणीतून सुई जात नसेल तर दाभण वापरा. भरीव आकार हवा असेल तर जुन्या मोज्यात चिंध्या भरा, पण त्या आधी बोटाच्या पेराएवढ्या बारीक कापा. मोठे तुकडे भरले की बाहेरून गाठी दिसतात.

गुंडाळणं हा आणखी एक मार्ग आहे आणि त्याला शिवणकामही यावं लागत नाही. अमेरिकन कलावंत जुडिथ स्कॉट (1943–2005) डाउन सिंड्रोम घेऊन जन्मली, तिला ऐकू येत नव्हतं. 1987 पासून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ या अपंग कलावंतांच्या केंद्रात ती जाऊ लागली आणि पुढे हाताला लागेल ती वस्तू लोकर, दोरे आणि चिंध्यांनी गुंडाळून मोठी शिल्पं घडवू लागली. तुम्हीही मोडकी छत्री किंवा खुर्चीचा पाय घ्या आणि गुंडाळायला लागा. आधी रुंद पट्ट्या, मग बारीक दोरे. ताण सारखा ठेवा, टोक दुसऱ्या वेढ्याखाली ओढून घ्या, गाठी मारू नका. आतली वस्तू कुठे दिसू द्यायची आणि कुठे हरवू द्यायची, यातच सगळी गंमत आहे.

पत्र्याचं कापड

शिल्प आणि कापड यांची सीमा कुठे मिटते ते बघायचं असेल तर घानामध्ये जन्मलेले आणि नायजेरियात काम केलेले एल अनात्सुई यांची कामं बघा. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं आणि गळपट्ट्या चपट्या करून, तांब्याच्या तारेने जोडून त्यांनी भिंतभर पडदे केले. टांगल्यावर त्यांना वस्त्रासारख्या चुण्या पडतात आणि प्रत्येक ठिकाणी ते वेगळे टांगले जातात.

याची छोटी आवृत्ती घरी करता येते. जाड हातमोजे घाला. पेयाचा ॲल्युमिनियमचा कॅन जुन्या कात्रीने उभा कापून सपाट करा, तीन बाय चार सेंटिमीटरचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याच्या चारही कडा पकडीने दोन-तीन मिलिमीटर दुमडा, नाहीतर हात कापतो. चार कोपऱ्यांना भोकं पाडा. बारीक तारेने शेजारच्या तुकड्याशी जोडताना तार घट्ट आवळू नका, तुकडा डुलला पाहिजे. त्या ढिलाईमुळेच पत्रा कापडासारखा पडतो. शंभर तुकडे झाल्याशिवाय परिणाम दिसत नाही, हे आधीच सांगते.

रंग आणि निगा

रंगाचा डबा उघडण्याआधी एक दिवस थांबा. जीन्सच्या निळ्याच्या दहा छटा किंवा छापील खोक्यांचे रंग झाकून टाकले तर साहित्याची ओळखच जाते. पण प्रकार फार झाले असतील तर सगळ्याला एकच रंग देणं हा जुना आणि खात्रीचा उपाय. अमेरिकन शिल्पकार लुईस नेव्हल्सन टाकलेल्या लाकडाचे तुकडे पेट्यांत रचून बहुतेकदा सगळं काळं रंगवायची. मग डोळा खुर्चीचा पाय आणि कठड्याचा तुकडा ओळखण्याऐवजी सावल्या वाचायला लागतो. प्लास्टिकवर रंग लावण्याआधी पॉलिश पेपरने खरवडून प्रायमर लावा. कागदाच्या शिल्पाला रंगानंतर मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात द्या, तळालासुद्धा.

विणकाम टांगताना खिळे थेट त्यात घालू नका. मागच्या बाजूला वरती कापडाची नळीसारखी पट्टी शिवा आणि तिच्यातून काठी घाला, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. पिशव्यांपासून केलेलं काम थेट उन्हात ठिसूळ होऊन तुटतं आणि कापडाचे रंग उडतात, तेव्हा खिडकीसमोरची भिंत टाळा. धूळ झटकायला रंगकामाचा मऊ ब्रश घ्या, ओलं फडकं नको.